साओ पाउलोत आईबरोबर आठवडाभर, काय काय बघू?

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी नवऱ्याचं साओ पाउलोला ऑफिसचं काम आहे आणि यावेळी मी आणि माझी आई (वय 67) पण त्याच्यासोबत जातोय. तो दिवसभर मीटिंगमध्ये, त्यामुळे फिरायचं आम्हा दोघींनाच. शुक्रवारी रात्री पोचतो, पुढच्या शनिवारी रात्रीचं परतीचं विमान. ज्याला सांगावं तो म्हणतो अगं रिओला जाऊन ये, साओ पाउलोत काय आहे, नुसत्या बिल्डिंगा. पण मधेच रिओचा विमानप्रवास, परत सामान बांधा, हे आईला झेपणार नाही आणि मला पण धावपळ नकोय. आई 30 वर्षं शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणजे म्युझियममध्ये ती एका चित्रापुढे अर्धा तास उभी राहू शकते पण रस्त्याने सलग तासभर चालली की गुडघा बोलायला लागतो. आम्ही दोघी शाकाहारी, अंडं चालतं. हॉटेल आवेनिदा पाउलिस्ता या मुख्य रस्त्याच्या जवळ आहे. कोणी राहिलंय का तिथे? आठवडा पुरेल ना, की कंटाळा येईल? आणि दोघी बायकाच फिरणार तर कितपत सेफ आहे तेही खरं खरं सांगा.

गोदाकाठ:
ताई, मी सहा वर्षं झाली इथे राहतोय. पहिलं म्हणजे कंटाळा येणार नाही, आठवडा कमी पडेल. रिओसारखा एक डोंगर एक समुद्र असं इथे काही नाही, हे बरोबर आहे, त्यामुळे ज्यांना एका दिवसात फोटो काढून जायचंय त्यांना हे शहर रिकामंच वाटतं. एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास लोक राहतात इथे आणि सगळी मजा त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, ते बघायला दिवस लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, नकाशा बघून प्लॅन करू नका, वार बघून करा. इथे प्रत्येक गोष्टीचा वार ठरलेला आहे. सोमवारी जवळपास सगळी म्युझियम बंद. मंगळवारी मास्प हे चित्रांचं मोठं म्युझियम फुकट. शनिवारी पिनाकोतेका, तेही चित्रांचंच म्युझियम, फुकट. शनिवारीच पिन्हेरोसमध्ये बेनेदितो कालिश्तो चौकात जुन्या वस्तूंचा बाजार. रविवारी आवेनिदा पाउलिस्ता गाड्यांना बंद. अगदी भाजीबाजारसुद्धा वारावर चालतो, त्याला फेइरा म्हणतात, एका गल्लीत मंगळवारी तर दुसऱ्या गल्लीत गुरुवारी. मी पहिल्या वर्षी हे न समजून घेता कितीतरी वेळा बंद दारापुढे जाऊन उभा राहिलोय.

तुमचा पहिला पूर्ण दिवस शनिवार आहे, दुसरा रविवार, यापेक्षा चांगली सुरुवात नाही. शनिवारी प्रवासाचा थकवा असेल, सकाळी आराम करा आणि दुपारी बेनेदितो कालिश्तोला जा. जुनी भांडी, दिवे, चित्रं, रेकॉर्ड, आणि दुपारनंतर मधल्या भागात म्हातारी मंडळी बसून शोरो, म्हणजे इथलं जुनं वाद्यसंगीत, वाजवतात, बासरी, गिटार, काव्हाकिन्यो नावाचं छोटं चार तारांचं वाद्य आणि पांदेइरो, म्हणजे आपल्या खंजिरीसारखंच. बाजूला खायच्या टपऱ्यांजवळ टेबलं खुर्च्या असतात, आईंना तिथे बसवा आणि तुम्ही बाजार फिरून या. माझी बायको दर महिन्याला जाते आणि बहुतेक वेळा काही न घेता परत येते, पण शोरो ऐकल्याशिवाय येत नाही.

रविवारी पाउलिस्ता. सकाळी 9 च्या सुमाराला गाड्या बंद होतात आणि दुपारी 4 पर्यंत अख्खा रस्ता माणसांचा. 2015 पासून सुरू आहे हे. पावणेतीन किलोमीटरभर रस्ता आहे, सगळा चालायची गरज नाही, दर शंभर पावलांवर कोणीतरी गातंय, कुठे साठी-सत्तरीचे आजी-आजोबा जोडीने नाचतायत, पोरं स्केटिंग करतायत. थकलात की मास्पच्या समोरच त्रियानोन पार्क आहे, शहर उभं राहायच्या आधी इथे जे जंगल होतं त्याचा उरलेला तुकडा, बाकं आहेत, सावली आहे. आणि सेस्क पाउलिस्ताची गच्ची (सेस्क म्हणजे सगळ्यांसाठी उघडी असलेली कला-खेळाची केंद्रं), फुकट आहे, वरून रस्ता बघा. शिवाय इन्स्तितुतो मोरेइरा सालेस (फोटोंची प्रदर्शनं), जपान हाउस, इताउ कुल्तुराल, सगळं त्याच रस्त्यावर आणि सगळ्यांना एन्ट्री फुकट.

सेफ्टीचं खरं सांगतो. दिवसा गर्दीत सहसा काही होत नाही, पण रस्त्यात उभं राहून हातात फोन धरून मॅप बघायचा नाही, म्हणजे नाहीच. सायकल किंवा मोटरसायकलवरून येतात आणि हातातून फोन घेऊन जातात. मॅप बघायचा असेल तर दुकानात किंवा मेट्रो स्टेशनच्या आत शिरा. मंगळसूत्र, सोन्याच्या बांगड्या घरी ठेवून या. संध्याकाळनंतर जुन्या सेंत्रो भागात आणि लूझ स्टेशनच्या आसपास पायी फिरू नका. बाकी ऊबर भरपूर मिळतात, दारातून दारात.

आळूवडी:
मी आर्किटेक्ट आहे, 2019 मध्ये फक्त लीना बो बार्दीच्या (मास्पची आर्किटेक्ट) इमारती बघायला म्हणून साओ पाउलोला गेले होते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. निळी_छत्री, तुझी आई चित्रकला शिक्षिका आहे ना, मग तिला मास्पला नेल्याशिवाय परत आणू नकोस.

बाहेरून बघशील तर वाटेल काचेची एक पेटी लाल चौकटीत टांगलीय, आणि खाली मोकळी जागा, 74 मीटर, मधे एकही खांब नाही. 1968 चं बांधकाम आहे हे, उद्घाटनाला इंग्लंडची राणी आली होती. खालची जागा लोकांसाठी मोकळी राहिली म्हणून तिथे आजही मोर्चे निघतात, गाणी होतात, पावसात माणसं आसऱ्याला उभी राहतात. पण तुझ्या आईसाठी खरी गोष्ट वर आहे. वरच्या दालनात भिंतीवर एकही चित्र नाही. प्रत्येक चित्र काचेच्या उभ्या तावावर लावलंय आणि ती काच काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलीय, त्यामुळे आत शिरलं की सगळी चित्रं एकदम समोर येतात, हवेत उभी असल्यासारखी, आणि तू त्यांच्यामधून चालत जातेस. चित्रकाराचं नाव, साल, माहिती हे सगळं मागच्या बाजूला. म्हणजे आधी चित्र बघायचं, आवडलं तर वळसा घालून मागे जायचं आणि मग कळणार की हे रेन्वाचं होतं की कोणाचं. मी एका चित्रापुढे कितीतरी वेळ होते, मागे गेले तर नाव माझ्या ओळखीचंच नव्हतं! नाव आधी वाचलं असतं तर पुढे सरकले असते बहुतेक. आणि चित्राची मागची बाजूपण दिसते, लाकडी चौकट, जुने शिक्के. हे काचेचे स्टँड 1996 मध्ये काढून टाकले होते, भिंती घातल्या होत्या, आणि 2015 मध्ये परत आणले. ब्राझीलचा चित्रकार पोर्तिनारी याचं दुष्काळात गाव सोडून निघालेल्या कुटुंबाचं मोठं चित्र आहे, 1944 चं, रेतिरांतेस. ते बघून आई गप्प होईल, तिला वेळ दे.

मंगळवारी फुकट असतं पण गर्दी असते, मी तर म्हणेन पैसे देऊन बुधवारी-गुरुवारी सकाळी जा. 60 वर्षांवरच्यांना तिथे कायद्यानेच अर्धं तिकीट आहे, मेया एन्त्रादा म्हणायचं आणि पासपोर्ट दाखवायचा. आणि तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढून ठेव.

दुसरं, सेस्क पोंपेया, हेही लीनाचंच. याला कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत जागा नसते आणि माझ्यासाठी ते अख्ख्या ट्रिपचं कारण होतं. जुनी पिंपं बनवायची फॅक्टरी. ती पाडून नवीन काहीतरी बांधायचं ठरत होतं, लीना जागा बघायला गेली तर आजूबाजूच्या वस्तीतली पोरं, आया, म्हातारे सगळे सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या शेडमध्ये येऊन बसलेले. ती म्हणाली हे आहे ते असंच राहू दे. म्हणून विटांच्या शेड तशाच ठेवल्या, आत शेकोटी केली आणि जमिनीतून वाहणारी पाण्याची एक वळणदार पट्टी, तिला नदीचं नाव दिलंय, साओ फ्रांसिस्को. 1982 ला उघडलं. आत लायब्ररी, थिएटर, मातीकाम-छपाईच्या कार्यशाळा, बुद्धिबळ खेळणारे आजोबा, सोफ्यावर झोपलेलं कोणीतरी. तिकीट नाही, कोणी विचारत नाही कुठे चाललात. जेवायची जागा पण तिथेच, साधं आणि स्वस्त. मागे काँक्रीटचे दोन टॉवर आहेत, एकाला खिडक्या म्हणून वेडीवाकडी भोकं आहेत गुहेसारखी, आणि दोन्ही टॉवर हवेतल्या पुलांनी जोडलेत. आईला सांग स्केचबुक घेऊन ये. अर्धा दिवस ठेवा, घाई करू नका. तेही सोमवारी बंद.

पायवाट:
कामानिमित्त तीनदा गेलोय, आठ-दहा दिवस राहिलोय प्रत्येक वेळी. वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी फक्त जुन्या शहराचं सांगतो कारण सगळे घाबरवतात आणि मग माणसं तिकडे जातच नाहीत. सकाळी 10 ते 3 मध्ये बिनधास्त जा, ऑफिसवाल्यांची गर्दी असते. पातियो दो कोलेजियो, तिथे 25 जानेवारी 1554 ला जेझुइट पाद्र्यांनी झोपडीवजा शाळा काढली आणि त्यातून हे एवढं शहर झालं. जवळच बँको दो ब्राझीलचं सांस्कृतिक केंद्र, सीसीबीबी, 1901 ची सुंदर इमारत, वर काचेचं छत. याची गंमत म्हणजे हे मंगळवारी बंद असतं आणि सोमवारी उघडं, म्हणजे तुमचा सोमवार सुटला.

थेआत्रो मुनिसिपाल पण त्याच भागात, 1911 चं. फेब्रुवारी 1922 मध्ये इथे आधुनिक कलेचा आठवडा झाला होता, चित्रकार कवी संगीतकार एकत्र आले आणि युरोपची नक्कल बंद करा म्हणाले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला. आज ब्राझीलची आधुनिक कला तिथून मोजतात. काकूंना ही गोष्ट माहिती असेल तर ती जागा बघायला आवडेल.

मेर्कादाओ, म्हणजे 1933 चा मोठा बाजार, रंगीत काचांच्या खिडक्या बघण्यासारख्या आहेत, त्यात शेतीची चित्रं आहेत. पण शाकाहारी माणसाला खायला कमी, तिथलं सगळं नाव मोर्तादेला या मांसाच्या सँडविचचं. फळवाले चव द्यायला पुढे येतात, भाव विचारल्याशिवाय हातात काही घेऊ नका, असल्या टुरिस्ट बाजारात किलोचा भाव ऐकून डोळे पांढरे होतात.

गोदाकाठ:
मेर्कादाओबद्दल सहमत, खिडक्या बघा आणि निघा. फळं खायची तर गल्लीतल्या फेइरात खा. हॉटेलवाल्यांना विचारा जवळची फेइरा कुठल्या वारी आणि कुठल्या गल्लीत. सकाळी जायचं, दुपारी 1 च्या पुढे आवरतात, आणि आवरताना जो उरलेला माल स्वस्तात काढतात त्याला शेपा म्हणतात. फेइरात पास्तेल तळतात, करंजीसारखं पातळ पापुद्र्याचं पण मोठं चौकोनी, चीजचं किंवा पाल्मितो म्हणजे पामच्या गाभ्याचं मागा, आणि त्याबरोबर ऊसाचा रस, काल्दो दी काना. आपल्यासारखाच चरकातून काढून देतात. तेल मात्र मांसाच्या पास्तेलचं तेच असतं, हे कडक पाळत असाल तर आधीच सांगतोय.

शाकाहारी असल्याचं इथे नीट सांगावं लागतं. नुसतं सें कार्नी, म्हणजे मांस नको, म्हटलं की त्यांच्या हिशेबात बीफ नको एवढंच, मग चिकन किंवा हॅम घालून आणतात. म्हणून सगळं म्हणायचं, सें कार्नी, सें फ्रांगो, सें पेइशी, सें प्रेझुन्तो, म्हणजे मांस, चिकन, मासे, हॅम काहीच नको. राजम्यासारख्या फेइजाओमध्ये बऱ्याचदा बेकन असतं, विचारा. दुपारी पोर किलो वाल्या रेस्टॉरंटमध्ये जा, बुफेतून ताट भरायचं आणि वजनावर पैसे, भात, भाज्या, सॅलड, तळलेली केळी, डोळ्यांनी बघून घेता येतं. पाँव दी केजू म्हणजे चीजचा छोटा पाव तर कुठेही मिळतो, साबुदाण्याच्या चवीच्या जवळचा, कारण दोन्हींचं पीठ एकाच कंदाचं आहे. आणि तुम्ही जूनमध्ये येताय म्हणजे फेस्ता जुनिना या जूनच्या उत्सवाचे दिवस. पताका, शेकोट्या, चौकटीच्या शर्टातली पोरं, आणि खायला मक्याचे पदार्थ, पामोन्या म्हणजे मक्याच्या पानात बांधून उकडलेला गोड मका, कांजिका म्हणजे दूध-दालचिनीतली पांढऱ्या मक्याची खीर, आणि पे दी मोलेकी. तो खाल्ला की आई म्हणतील ही तर चिक्की! जवळच्या चर्चमध्ये किंवा सेस्कमध्ये बोर्ड बघा.

एक फार महत्त्वाचं, पिवळ्या तापाची लस. ब्राझीलहून भारतात परत येताना सर्टिफिकेट मागतात, आणि लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी हवी. पण साठीच्या पुढे ही लस घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलणं गरजेचं असतं, तेव्हा आईंसाठी आत्ताच वेळ घ्या, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आणि स्वेटर आणा. इथे जून-जुलै हिवाळा, शहर साडेसातशे मीटर उंचीवर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते.

निळी_छत्री:
बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. लसीचं डोक्यातच नव्हतं, उद्याच फोन करते. आईला सगळं वाचून दाखवलं, मास्पच्या काचेच्या स्टँडचं ऐकून ती म्हणाली की नाव मागे ठेवलंय हे फार बरं केलं, मी पोरांना हेच सांगायचे, आधी बघा मग विचारा. दोन गोष्टी विचारते अजून. लूझ भागाची भीती घातलीत, मग पिनाकोतेका सोडून द्यायचं का? आणि लिबेरदादे म्हणून जपानी वस्ती आहे म्हणे, तिथे काय बघायचं?

आळूवडी:
पिनाकोतेका अजिबात सोडू नकोस!! गाडीने थेट दारात उतर आणि दारातूनच गाडीत बस, एवढंच. 1905 पासूनचं म्युझियम, उघड्या विटांची इमारत, नव्वदच्या दशकात पाउलो मेन्देस दा रोशा या आर्किटेक्टने मधल्या चौकांवर काचेचं छत घातलं आणि लोखंडी पूल टाकले, आत उजेड इतका शांत आहे की बाहेर शहर आहे हे विसरायला होतं. तिथे आल्मेइदा ज्युनियरची चित्रं शोध. एक खेडूत दारात बसून तंबाखू कातरतोय, 1893 चं, ऊन कसं रंगवलंय बघ. आणि दुसरं सौदादे, 1899 चं, काळ्या कपड्यातली बाई खिडकीशी उभी राहून हातातलं काहीतरी बघतेय आणि तोंडावर शाल दाबून रडतेय. मी फोटोत पाहिलं होतं आधी, समोर उभी राहिल्यावर तिच्या गालावरचा ओघळ दिसला.

पिनाकोतेकाच्या समोर, लूझ स्टेशनच्याच इमारतीत पोर्तुगीज भाषेचं म्युझियम आहे. 2015 च्या डिसेंबरमध्ये आग लागून जळलं होतं, 2021 मध्ये परत उघडलं. भाषा येत नसली तरी जा. आपल्या तोंडात किती पोर्तुगीज आहे ते आठवत फिर, पाव, बटाटा, चावी, पगार, कोबी. आणि काजू तर मूळचा ब्राझीलचाच, तिथल्या तुपी लोकांचा शब्द, पोर्तुगीजांनी झाड आणि नाव दोन्ही आपल्याकडे आणलं.

पायवाट:
लिबेरदादे: रविवारी बाजार भरतो पण प्रचंड गर्दी, तुमचा रविवार पाउलिस्तालाच ठेवा आणि इथे आठवड्यात कधीतरी या. 1908 मध्ये कासातो मारू जहाजातून पहिले जपानी मजूर सांतोस बंदरात उतरले, कॉफीच्या मळ्यांवर कामाला. आता जपानबाहेर सगळ्यात जास्त जपानी वंशाचे लोक ब्राझीलमध्ये आहेत. वस्तीत त्यांच्या स्थलांतराचं म्युझियम आहे, तिथे मळ्यावरच्या झोपडीत काय सामान होतं वगैरे बघताना अंगावर येतं.

पण लाल कमानी आणि कंदील बघून परत फिरू नका. ही वस्ती जपानी व्हायच्या आधी काळ्या लोकांची होती. आज मेट्रो आहे त्या चौकात फाशी द्यायचे आणि जवळच गुलामांचं, गरिबांचं दफन करायचे. 1821 मध्ये पगारासाठी बंड केलेल्या शागिन्यास नावाच्या काळ्या सैनिकाला फाशी देताना दोरी तुटली, परत दिली तर परत तुटली, आणि जमलेले लोक लिबेरदादे, लिबेरदादे, म्हणजे स्वातंत्र्य द्या असं ओरडले, अशी तिथली आठवण सांगतात. तरी त्याला मारलंच. एका बारक्या गल्लीच्या टोकाला आफ्लितोस नावाचं छोटं चॅपल आहे, लोक तिथे येऊन दारावर तीन टकटक करतात, चिठ्ठी ठेवतात, नवस बोलतात. मी गेलो तेव्हा एक बाई दाराला कपाळ टेकून उभी होती. तिच्या मागे फोटो काढणं बरं वाटलं नाही म्हणून काढला नाही.

आणि हा भाग नीट समजायचा असेल तर इबिरापुएरा पार्कमधलं आफ्रो ब्राझील म्युझियम बघा. गुलामगिरी इथे 1888 ला संपली, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. पार्क 1954 चा, आतल्या इमारती आर्किटेक्ट ओस्कार नीमायरच्या, तळं आहे, काकूंना बसायला भरपूर जागा.

निळी_छत्री:
मग असं ठरवतेय, बघा बरोबर आहे का. पहिला शनिवार बेनेदितो कालिश्तो, रविवार पाउलिस्ता, सोमवारी सीसीबीबी आणि जुनं शहर दुपारी 3 च्या आत, मंगळवारी लिबेरदादे, बुधवारी सकाळी मास्प आणि नंतर आराम, गुरुवारी सेस्क पोंपेया, शुक्रवारी इबिरापुएरा, आणि शेवटच्या शनिवारी पिनाकोतेका आणि भाषेचं म्युझियम, रात्री विमान. आई विचारतेय ताज्या काजूच्या बोंडाचा रस मिळेल का.

गोदाकाठ:
एकदम बरोबर. फक्त गुरुवारी संध्याकाळी जमलं तर साला साओ पाउलोमध्ये ऑर्केस्ट्रा ऐका, जुन्या रेल्वे स्टेशनच्या हॉलमध्ये 1999 साली केलेलं सभागृह आहे, छताचे तुकडे संगीताप्रमाणे वरखाली करता येतात. लूझजवळच आहे म्हणून गाडीनेच. आणि आईंना रांगेत उभं करू नका, बँक, म्युझियम, विमानतळ सगळीकडे 60 च्या वरच्यांची वेगळी रांग असते, प्रेफेरेन्सियाल लिहिलेलं असतं, बिनसंकोच पुढे जा.

काजूचा रस मिळतो, बोंडाचा हंगाम नसला तरी गराचा करून देतात, कोपऱ्यावरच्या कुठल्याही लान्शोनेतीमध्ये, म्हणजे नाश्त्याच्या दुकानात. सूको दी काजू म्हणायचं, आणि पुढे सें आसूकार (साखर नको) पण म्हणा, नाहीतर साखर फार घालतात.